बेडीवाचून कैद

मुख्यतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आज विभागून गेलेल्या जुन्या औंध संस्थानाचे नाव निघाले, म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे यमाईचा डोंगर येतो, त्याच्या उतारावरचे चित्रसंग्रहालय येते, आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार हेच आपले राजकर्तव्य मानणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. परंतु अवघ्या बहात्तर गावांच्या या संस्थानाने १९३९ साली आटपाडीच्या माळावर कैद्यांची जी एक वसाहत घातली, तिची आठवण त्या मानाने फारच थोड्यांना असते. तिला स्वतंत्रपूर असे नाव दिले गेले, आणि हे नाव एका तुरुंगाचे आहे. न्यायासनाने दोषी ठरविलेल्या माणसांना तेथे तटाआड कोंडावयाचे नव्हते, त्यांच्या पायांत लोखंड घालावयाचे नव्हते. शेत कसून आणि कुटुंबासह राहून त्यांनी आपली शिक्षा पुरी करावी, अशी ती योजना होती. माणसाला धरून ठेवणे म्हणजे नेमके काय, ते कशासाठी आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे न्यायालयांनी पुष्कळ पुढे केला. एका लहानशा दरबाराने तो त्याच्या कितीतरी आधी प्रत्यक्ष जमिनीवर करून दाखविला होता.

माणसाला जखडण्याची साधने आपल्या मुलखात कधी कमी नव्हती. लाकडाच्या दोन फळ्यांतील भोकांत पाय अडकवून बसविणारा खोडा होता. दंडाला दोर लावून कैद्याला रस्त्याने चालवीत नेण्याच्या काढण्या होत्या. दोन्ही हात पाठीमागे ओढून मुसक्या बांधण्याची रीत होती, जिच्यात धावणे तर राहोच, पण पडल्यास स्वतःला सावरणेही माणसाला जमत नाही. इंग्रजी अंमलात या साऱ्याला कारखान्यातल्या लोखंडाची आणि छापील नियमांची जोड मिळाली. मनगटाची हातकडी आली, ती पुन्हा कधी पुढे, कधी पाठीमागे. भिंतीच्या खुंटीला हात वर टांगून ताटकळत ठेवणारी उभी हातबेडी आली, दोन घोट्यांमधून आडवी जाऊन पाय कायम फाकलेले ठेवणारी आडवी बेडी आली, आणि दंडाबेडी आली. अंदमानच्या कोठडीतील या प्रकारांची ओळख मराठी वाचकाला सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ने करून दिलेलीच आहे.

दंडाबेडीचे स्वरूप एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. दोन्ही घोट्यांभोवती लोखंडी कडी घालून ती हातोड्याने ठोकून बंद करतात. प्रत्येक कड्यापासून एक लोखंडी दांडा वर जातो आणि दोन्ही दांडे कमरेशी एका कडीत अडकविलेले असतात. गुडघा पुरता वाकत नाही, मांडी घालता येत नाही, कुशीवर वळताना दांडा हाताने उचलून धरावा लागतो, आणि चालताना तो सावरला नाही तर कडे घोट्याच्या हाडावर आपटत राहते. कातडी सोलली जाऊ नये म्हणून कैदी कड्याखाली चिंध्या गुंडाळतात. चिंधी घामाने भिजते आणि काही दिवसांनी तिच्याखालीच जखम होते. शौचाला बसणे हीदेखील रोजची शिक्षा होऊन बसते. पळून जाणे अशक्य व्हावे एवढाच हेतू असता, तर कुलूपबंद कोठडीत, पहाऱ्याच्या आत, रात्रीच्या झोपेतही हे लोखंड अंगावर ठेवण्याचे कारण कोणते, असा प्रश्न कोणालाही पडावा.

या प्रश्नातच सारा विषय सामावलेला आहे. माणसाला बांधण्याची तीन वेगवेगळी कारणे असतात. त्याने पळू नये किंवा कोणाला इजा करू नये हे पहिले. त्याला यातना व्हाव्यात हे दुसरे. आणि लोकांनी त्याला बांधलेला पाहावे हे तिसरे. पहिले कारण कायदा मान्य करतो. अटकेतील माणसावर त्याच्या पलायनास आळा घालण्यापुरता निर्बंध असावा, त्याहून अधिक नसावा, हे तत्त्व १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, १९७३ च्या संहितेच्या ४९ व्या कलमात ते कायम राहिले आणि आजच्या संहितेतही आहे. परंतु त्याच काळातल्या १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने बेडीला दोन्ही घरची सोयरीक जोडून दिली: सुरक्षित ताब्यासाठी बेडी घालण्याचा अधिकार तुरुंगाधिकाऱ्याला दिला आणि तुरुंगातील गुन्ह्यांच्या शिक्षांच्या यादीतही बेडी घातली. एकच लोखंड बंदोबस्तासाठीही आणि शासनासाठीही वापरता येऊ लागले, म्हणजे कोणत्या क्षणी पहिला हेतू संपून दुसरा सुरू झाला हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, आणि पुष्कळदा घालणाऱ्यालाही कळेनासे होते.

तिसऱ्या कारणाला तर कोणत्याच कायद्याचा आधार नाही. तरीही ते सर्वांत चिवट आहे. औंधाच्या शेजारच्या सोलापुरात १९८९ साली एका संशयिताला हातकड्या घालून, वर दंडाला दोरखंड बांधून, भर रस्त्याने चालवीत नेण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याबद्दल त्याला दहा हजार रुपये भरपाई देवविली, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई कायम ठेवून ती शासनाने द्यावी असे ठरविले. रक्कम लहान आहे, पण ती कशाबद्दल दिली गेली हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या माणसाचा दोष शाबीत झालेला नव्हता, आणि झाला असता तरी वरात काढणे ही आपल्या दंडसंहितेतील शिक्षा नाही. धिंड पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमणारा समाज आपलाच असतो, हेही येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. अंमलदाराला धिंडीची उमेद त्या गर्दीकडूनच मिळते.

आता औंधाकडे वळू. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. संस्थानाचे क्षेत्र सुमारे पाचशे चौरस मैल, तेही सलग नव्हे: औंध आणि कुंडल एकीकडे, आटपाडी माणदेशात, आणि गुणदाळ थेट विजापुराकडे. उत्पन्न बेताचे, पाऊस त्याहून बेताचा. राजा स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडल स्टेशनजवळचा ओसाड माळ त्यांनीच मिळवून दिला आणि त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ त्यांच्याच आश्रयाने औंधात वाढले. अशा या राजाचे चिरंजीव आप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आले आणि त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याशी पडली. वॉर्सात जन्मलेले फ्रीडमन बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते; भगवी वस्त्रे पांघरून भारतानंद या नावाने वावरत होते, आणि गांधीजींच्या सूतकताईसाठी धनुष तकली रचून देण्याइतकी त्यांची यंत्रबुद्धी ग्रामोद्योगात रमली होती. पुढील आयुष्यात मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवली, ती याच गृहस्थांनी.

फ्रीडमन औंधात आले आणि राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवावी ही कल्पना आकाराला आली. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला, १९३८ च्या अखेरीस राजाने तो संकल्प जाहीर केला आणि १९३९ च्या जानेवारीत ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेली ती घटना अंमलात आली. ब्रिटिश हिंदुस्थानात स्वराज्याची मागणी करणाऱ्यांना तुरुंगात घालण्याचा शिरस्ता चालू असताना, एका संस्थानिकाने स्वतःच्या अधिकारांवर स्वतःच्या सहीने मर्यादा घालून घेतल्या, ही घटना आपल्या इतिहासात जितकी शिकविली जावी तितकी शिकविली जात नाही. स्वतंत्रपूर हे याच घटनेचे भावंड आहे, त्याच वर्षीचे. राजाने आपले अधिकार प्रजेवरील विश्वासाने सोडले. मग ज्या प्रजाजनाने अपराध केला आहे, त्याच्यावर निदान थोडा विश्वास टाकून पाहावा, इतका सरळ विचार त्यामागे होता. या दोन्ही कामांत फ्रीडमन यांचा हात होता.

वसाहतीसाठी जागा निवडली ती आटपाडीची, आणि माणदेश ज्याने पाहिला असेल त्याला त्या निवडीचा अर्थ सांगावा लागणार नाही. माण नदी वर्षातील बराच काळ वाळूतच वाहते, पिके बाजरी-ज्वारीची, मेंढपाळ कळपामागे गाव सोडून जातात आणि पावसाळ्याला परततात, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मुलूख तो हाच. अशा जमिनीत दगड वेचणे, बांध घालणे, विहिरीचे पाणी सरीपर्यंत नेणे हे काम अर्ध्या मनाने होत नाही. पहारेकऱ्याच्या धाकाने खडी फोडून घेता येते, परंतु बी कधी पेरावे, कोवळ्या रोपाला कोणत्या वेळी पाणी द्यावे, रात्री जनावर शेतात शिरले तर उठून जावे की नाही, हे धाकाने होत नाही. त्यासाठी ते पीक आपले वाटावे लागते. याच मुलखात खिल्लार बैल निपजतो. उधळणाऱ्या खोंडाच्या गळ्यात शेतकरी लोढणे अडकवितो, हे खरे. पण लोढण्यासकट कोणी त्याला औताला जुंपीत नाही, कारण लोढणे फक्त अडविते, काम शिकवीत नाही.

बेडी काढल्यानंतर या माणसांना धरून ठेवते कोण, याचे उत्तर वसाहतीच्या रचनेतच आहे. कैद्याची बायको-मुले त्याच्याजवळ राहू शकतात. कैद होते एका माणसाला आणि उपासमार होते घरातील चौघांची, हे आपल्या साऱ्या तुरुंगव्यवस्थेचे जुने दुःख. येथे त्यावर निदान मोजक्या कुटुंबांपुरती तोड निघाली. दिवसभर शेतात काम, ठरल्या वेळी हजेरी, हद्दीबाहेर जायचे तर परवानगी. पळणे शारीरिकदृष्ट्या अवघड नाही. ते टाळले जाते ते दोन कारणांनी: पळाल्यास जे गमवायचे ते डोळ्यांसमोर चुलीजवळ बसलेले असते, आणि थांबल्यास सुटकेचा दिवस जवळ येत जातो. जामीन आणि जातमुचलका यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. खटल्याआधी कायदा माणसाच्या शब्दावर विसंबून त्याला घरी पाठवितो. औंधाने तो शब्द शिक्षेच्या काळातही पुरेसा मानला. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, दरबार गेला, घटना गेली. परंतु वसाहत राहिली आणि आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालू आहे.

वसाहतीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याच टापूतील तटबंद तुरुंगांचे काय झाले, हे शेजारी ठेवून पाहावे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. तटावरून खंदकात उड्या पडल्या, गोळीबार झाला, दादा जखमी झाले. १९४४ साली नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले. हे देशभक्त होते आणि स्वतंत्रपुरात आलेले सामान्य अपराधी, तेव्हा दोघांची तुलना करण्याचे कारण नाही. सांगायचे ते एवढेच की, भिंत आणि बेडी यांचे सामर्थ्य आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असते. ज्याला राहण्याचे कारणच नाही, त्याला तट फार काळ थोपवीत नाही. औंध संस्थानाचा कुंडल भाग तर त्या दिवसांत प्रतिसरकारचा गड होता. तेथील लोकन्यायाची कीर्ती मोठी. परंतु गावगुंडांच्या आणि फितुरांच्या तळपायांवर काठ्या बसत, आणि त्यावरूनच पत्री सरकार हे नाव लोकांच्या तोंडी रुळले, हेही प्रसिद्ध आहे. तो युद्धाचा काळ होता आणि त्या न्यायाची चिकित्सा वेगळी करावी लागेल. परंतु एकाच लहान संस्थानाच्या हद्दीत, दोन-चार वर्षांच्या अवधीत, देहाला धाक घालणारा न्याय आणि देह मोकळा सोडणारा न्याय दोन्ही नांदत होते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला पुष्कळ शिकवील.

स्वतंत्रपूर देशाला कळले ते मात्र चित्रपटामुळे. आटपाडीजवळच्या शेटफळ्यात जन्मलेले गदिमा औंधाचेच प्रजाजन. त्यांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी कैदी आणि त्यांना ओसाड माळावर घेऊन जाणारा आदिनाथ नावाचा जेलर ही त्याची मांडणी. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. चित्रपट थोर आहे. तरी एक भेद सांगितला पाहिजे. पडद्यावर कैद्यांना बांधून ठेवतात ते त्या एका पुरुषाचे डोळे. ते मिटल्यावरही त्यांची नजर कैद्यांवर राहते. प्रत्यक्षात कोणत्याही वसाहतीला पंचाऐंशी वर्षे एका महात्म्याची नजर पुरत नाही. तिला जमीन लागते, पाणी लागते, मुलांना शाळा लागते, आणि कैद्याची निवड नीट करणारा, नियम जाणणारा साधा अधिकारी लागतो. स्वतंत्रपूर टिकले ते अशा सामान्य व्यवस्थेवर, आणि म्हणूनच ते इतरत्रही उभे करता येण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर बेडीचा प्रश्न न्यायालयांत गेला. चार्ल्स शोभराज या कच्च्या कैद्याच्या पायांत तिहारमध्ये १९७६ पासून दंडाबेडी होती; सुनील बत्रा याच्या याचिकेसोबतच त्याचीही याचिका चालली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तुरुंगाच्या दारात शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क बाहेर ठेवून येत नाही. दोन वर्षांनी तिहारमधीलच एका कच्च्या कैद्याने, प्रेमशंकर शुक्ल यांनी, आपल्याला न्यायालयात नेताना हातकडी घालतात अशी तार न्यायमूर्तींना केली, आणि ती तारच याचिका मानली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या त्या निकालात हातकडी ही वरकरणीच अमानुष ठरविली. पळून जाण्याचा स्पष्ट धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच ती घालावी, कारण लेखी नोंदवावे, न्यायाधीशाची संमती घ्यावी, असे बंधन घातले. वरच्या वर्गातील कैद्याला हातकडी नको आणि गरिबाला हवी, हा पोलीस नियमांतील भेदही तेव्हाच निकालात निघाला. पुढे कुलदीप नय्यर यांना गुवाहाटीच्या रुग्णालयात स्थानबद्ध रुग्ण हातकड्यांनी खाटेला जखडलेले, वर दोरखंडाने बांधलेले दिसले. त्यांच्या पत्रावरून १९९५ साली न्यायालयाने तोच दंडक पुन्हा, अधिक कडक शब्दांत घालून दिला.

आता १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या क्रमाला वळण दिले आहे. तिच्या ४३ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने सराईत गुन्हेगार, ताब्यातून पळालेला इसम, तसेच खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, मानवी व्यापार अशा गुन्ह्यांतील आरोपी यांना, गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहून, अटकेच्या वेळी आणि न्यायालयात हजर करताना हातकडी घालण्याची मुभा पोलिसाला दिली. पोलिसांची अडचण मला कळते. एका हवालदाराने तीन आरोपी घेऊन एस.टी.च्या गाडीने तालुक्याच्या न्यायालयात जावे अशी वेळ येते, आणि त्यांतील एखादा पळाला तर त्या गरीब हवालदाराची चौकशी लागते. परंतु आरोपाचे गांभीर्य आणि पळून जाण्याचा धोका या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रागाच्या भरात भावाचा खून करून स्वतः चौकीवर येऊन बसलेला माणूस पळणार नसतो; सराईत भुरटा चोर पळण्यात पटाईत असतो. गुन्ह्याच्या नावावरून लोखंड ठरविले, म्हणजे बेडी पुन्हा पहिल्या कारणाकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाकडे सरकते. त्याच संहितेचे ४६ वे कलम अनावश्यक निर्बंधाला मनाई करते. हातकडी घालण्यापूर्वी प्रत्येक अंमलदाराने ते वाचावे, आणि न्यायाधीशाने त्याला त्याबद्दल विचारावे.

जगाचा कल कोठे आहे, हेही पाहता येते. १९५५ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या गुन्हे-प्रतिबंध परिषदेने खुल्या संस्थांचा पुरस्कार केला. २०१५ साली मंडेलांच्या नावाने जे नियम स्वीकारले गेले, त्यांनी साखळदंड आणि मुळातच वेदनादायक अशी साधने वर्ज्य ठरविली. संपूर्णानंदांनी उत्तर प्रदेशात कैद्यांच्या उघड्या छावण्या सुरू केल्या त्या पन्नाशीच्या दशकात. राजस्थानातील सांगानेरचा खुला तुरुंग १९६३ चा. औंधाचा माळ या सर्वांच्या अगोदरचा आहे.

प्रत्येक कैद्याला खुल्या वसाहतीत सोडावे असे कोणी म्हणत नाही. ज्याच्यापासून इतरांच्या जिवाला धोका आहे त्याच्यासाठी भिंत हवीच, आणि तीही मजबूत हवी. परंतु आपल्या तुरुंगांत दाटीवाटीने कोंडलेल्यांपैकी अशी माणसे किती, याचा शोध घेण्याचे कष्ट शासनाने घेतले पाहिजेत. पाचशे चौरस मैलांच्या आणि सदा दुष्काळी अशा संस्थानाला जे परवडले, ते महाराष्ट्राच्या तिजोरीला परवडणार नाही असे म्हणणे टिकणारे नाही. प्रत्येक जिल्ह्यात पडीक सरकारी जमीन आहे, दीर्घ मुदतीचे आणि चांगल्या वर्तनाचे कैदी आहेत, आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली कुटुंबे आहेत. स्वतंत्रपुरात आजही मोजक्याच कैद्यांची सोय आहे. ती वाढवावी, तिथल्या शेताला बारमाही पाणी द्यावे, आणि तिच्या धर्तीवर प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वसाहत उभी करावी, अशी माझी विधिमंडळाच्या सभासदांना, विशेषतः सातारा-सांगलीच्या प्रतिनिधींना, कळकळीची विनंती आहे.